अंगठ्याखालचा शिफ्ट

संपादकांनी फोनवर बजावलं होतं की अनुभव गमतीचे हवेत. दिवाळीत वाचक फराळाची ताटली मांडीवर घेऊन बसलेला असतो, त्याच्या घशात घास अडकवू नका. मी बरं म्हटलं. त्याप्रमाणे सुरुवातीचे दोन अनुभव गमतीचे आहेत. तिसरा नाही. ज्यांना फराळ गोड लागायला हवा असेल त्यांनी दोनावर थांबावं, मी रागावणार नाही.

शाहूपुरीतल्या एका बोळात सत्तावीस वर्षं माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक छापखानेवाले, थोडे वकील, थोडी सरकारी आणि सहकारी ऑफिसं. लोक मला विलास मिस्त्री म्हणायचे. कोल्हापुरात ज्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर तो मिस्त्री, मग तो मोटार उघडो की मॉनिटर. दोन वर्षांपूर्वी मी शटर ओढलं. आता लोक मोबाईलवर व्हिडिओ बघून सगळं स्वतःच करतात आणि नाही जमलं तर नवीन घेतात. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. हे मला कडू लागतं, आणि का लागतं ते सांगायलाच आज बसलोय.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं की कीबोर्डवर 'क' दाबला की कीबोर्ड 'क' पाठवतो. तसं नसतं. कीबोर्डाला अक्षरओळखच नाही. अमुक नंबरचं बटण दाबलं, एवढंच तो कळवतो. त्या नंबराचा अर्थ काय लावायचा हे कंप्युटर ठरवतो. कंप्युटरला सांगितलं की आजपासून या नंबरला तो नंबर समज, तर तो निमूटपणे ऐकतो. बटणावर काय छापलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

त्यातही शिफ्ट, कंट्रोल, आल्ट, कमांड ही बटणं करवलीच्या जातीची. एकटी उभी असतील तर कुणी विचारत नाही, दुसऱ्याच्या शेजारी उभी राहिली की त्यांना मान. दुसऱ्या बटणाबरोबर धरून ठेवली की त्या बटणाचं काम बदलतं. कीबोर्ड बदलला की नेमकी हीच बटणं जागा सोडतात, माणसाची बोटं मात्र जुन्याच जागी जातात. मग ती बटणं पुन्हा बोटांखाली आणून द्यायची. हे काम मी शेकड्यानं केलं. कंप्युटरच्या आत एका ठिकाणी जायचं, दोन ओळी बदलायच्या आणि बाहेर यायचं. सगळं मिळून दोन मिनिटं.

दोन मिनिटं लागतात हे मी आज पहिल्यांदाच कुणाला सांगतोय. मला धंदा शिकवला तो बापूंनी. ते टाइपरायटर दुरुस्त करायचे आणि तरुणपणी तालमीत घुमलेले होते. त्यांचं एकच तत्त्व. "वस्ताद समदं शिकिवतो आणि एक डाव राखून ठेवतो. गिऱ्हाईकाला समदं सांगितलंस तर उद्या त्ये तुला वळखबी दाखवायचं न्हाय." मी हे वाक्य गाठीला बांधलं. काम दोन मिनिटांचं असलं तरी कीबोर्ड उलटा करायचो, ब्लोअर मारायचो, चार स्क्रू काढून परत बसवायचो. समोरचा माणूस आदरानं चहा मागवायचा.

आता पहिला अनुभव. आमच्या बोळाच्या तोंडाशी अण्णांचा ऑफसेट छापखाना होता. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, निवडणुकीची पत्रकं आणि वर्षातून एकदा दिवाळी अंक. अण्णांनी हौसेनं ॲपलचा एक मॅक कंप्युटर घेतला आणि वर्षाच्या आत त्याच्या कीबोर्डवर चहा सांडला. तसलाच नवीन कीबोर्ड घ्यायचा तर किंमत ऐकून त्यांना घाम फुटला. त्यांनी लक्ष्मीपुरीतून साधा, कुठल्याही कंप्युटरला लागतो तसला कीबोर्ड आणून खुपसला. चालला. पण मॅकच्या कीबोर्डवर खालच्या लांब पट्टीच्या, म्हणजे स्पेसबारच्या, लगत कमांडचं बटण असतं, आणि साध्या कीबोर्डवर त्या जागी असतं आल्ट. मजकूर जुळवणारा ऑपरेटर सवयीनं फाईल सेव्ह करायला जायचा, फाईल काही सेव्ह व्हायची नाही, आणि जिथं कर्सर असेल तिथं एक वाकडं चिन्ह उमटायचं.

असं एक चिन्ह एका लग्नपत्रिकेत नवरीच्या नावापुढं राहून गेलं आणि सगळा गठ्ठा छापून झाला. पत्रिका न्यायला कागलहून नवरीचे वडील आले. त्यांनी चिन्हावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. अण्णांनी पापणी न हलवता सांगितलं, "डिझाईन हाय." पावण्यांनी पत्रिका हातभर लांब धरून बघितली आणि म्हणाले, "मग नवऱ्याला का न्हाय?" अण्णांना सगळा गठ्ठा पुन्हा मशीनवर चढवून नवऱ्याच्या नावापुढंही तेच चिन्ह छापून द्यावं लागलं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मी आल्ट आणि कमांड यांची अदलाबदल केली. तासभर लावला.

दुसरा अनुभव राधानगरीकडचा. तिथल्या एका सरकारी ऑफिसात, कुठल्या ते विचारू नका, एका कारकुनाचं कंट्रोलचं बटण मोडलं होतं. नवीन कीबोर्ड मंजूर व्हायला पावसाळा उलटला असता. मी त्याचं कॅप्स लॉकचं बटण कंट्रोल करून दिलं आणि परत आलो. कारकुनाला एवढंच सांगितलं की आता हे दाबत जा. पुढं कीबोर्ड आला, तो बदलला गेला, कारकुनाचीही बदली झाली. मी केलेला बदल मात्र कंप्युटरात तसाच राहिला.

त्याच्या जागी आलेला माणूस घाईनं टाइप करायचा. घाईत करंगळी 'A'च्या जोडीनं शेजारच्या कॅप्स लॉकवरही पडली की कंट्रोल-A होऊन सगळा मजकूर एकदम निवडला जायचा आणि पुढचं अक्षर दाबलं की सगळा पुसला जायचा. चार पत्रं अशी गेल्यावर त्यानं मॉनिटरसमोर लिंबू ठेवलं. मग लिंबाबरोबर मिरच्या आल्या. ऑफिसात कुजबूज सुरू झाली की आधीचा जाताना काहीतरी करून गेलाय, कारण क्वार्टरवरून त्या दोघांची आधीच बाचाबाची झाली होती. शेवटी कंप्युटरसमोर नारळ फोडला, पाणी कीबोर्डात गेलं आणि मग मला फोन आला.

मी पोचल्याबरोबर काय झालंय ते ओळखलं. कीबोर्ड वाळवायच्या निमित्तानं बदल काढून टाकला. ऑफिसातले सगळे भोवती उभे होते. मी गंभीर तोंड करून म्हटलं, "नारळ फोडलासा ते बरं केलासा." पुढं कित्येक वर्षं हा किस्सा मी चारचौघांत रंगवून सांगत होतो आणि लोक पोट धरून हसायचे. त्या आधीच्या कारकुनाला मात्र त्या ऑफिसात करणी करणारा असं नाव पडलं आणि ते बदलीच्या ठिकाणीही त्याच्या मागं गेलं. तो निवृत्त होईपर्यंत तिथल्या एका माणसानंही त्याच्या घरचा चहा घेतला नाही, असं मला फार उशिरा कळलं. बदल मी केला होता, असं एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं.

तर गमतीचे दोन अनुभव संपले.

शोभाताई मगदूम अण्णांच्या छापखान्यात ऑपरेटर म्हणून आल्या तेव्हा तिशीच्या आत होत्या. हातकणंगल्याजवळच्या गावातून रोज यायच्या. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं. उरलेल्या आठ बोटांनी त्या टायपिंग शिकल्या होत्या, परीक्षा पास झाल्या होत्या, आणि हात पदराखाली लपवायची त्यांना सवय नव्हती. अण्णांनी आठवडाभर बघून मला बाजूला घेतलं आणि म्हणाले की पोरगी गुणाची आहे, शुद्धलेखन चांगलं आहे, पण वेग नाही. काहीतरी बघ, नाहीतर शनिवारी मला तिला नको म्हणावं लागेल.

मी त्यांच्या मागं उभा राहून बघितलं. त्यांच्यासमोर मॅक नव्हता, साधा कंप्युटर होता. मराठी कीबोर्डवर जवळजवळ सगळी व्यंजनं उजव्या हाताला असतात. साधं दाबलं तर क, शिफ्ट धरून दाबलं तर ख. तसंच ग-घ, त-थ, द-ध, ब-भ. अक्षर उजव्या हाताला म्हटल्यावर शिफ्ट डाव्या करंगळीनं धरायचा असतो, आणि शोभाताईंना ती करंगळीच नव्हती. त्यांना स्वतःचं नाव लिहायला डावा शिफ्ट दोनदा लागायचा. दर वेळी मधलं बोट तिरकं ताणून कोपऱ्यातल्या शिफ्टवर न्यायच्या, की अख्खा पंजा जागेवरून हलायचा. तो परत जागेवर येईपर्यंत दुसरा ऑपरेटर शब्द संपवून पुढं गेलेला असायचा.

पण त्यांचा डावा अंगठा नुसता पडून होता. लांब पट्टी त्या उजव्या अंगठ्यानं दाबायच्या. डाव्या अंगठ्याच्या अगदी खाली आल्टचं बटण होतं आणि त्याचं त्यांना काही काम नव्हतं. आल्टला शिफ्ट करायचं, झालं. मला हे सुचलं तेव्हा खरंच आनंद झाला होता, तो आनंद मी आजही नाकारत नाही.

खोटं पुढं सुरू झालं. तपासणी करतो म्हणून मी त्यांच्या कंप्युटरवर बसलो आणि दोन मिनिटांत बदल करून टाकला. मग त्यांचा कीबोर्ड काढून घरी नेला. दोन दिवस तो माझ्या घरी कपाटावर पडून होता. दुसऱ्या दिवशी बायकोच्या डबीतलं लाल नेलपॉलिश आल्टच्या बटणाला लावलं. तिसऱ्या दिवशी कीबोर्ड नेऊन शोभाताईंसमोर ठेवला आणि म्हटलं, हा तुमच्यासाठी मुद्दाम बनवून आणलाय, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. अण्णांच्या तोंडावर कौतुक होतं. शोभाताईंनी लाल बटणावर अंगठा ठेवला, एक ओळ टाइप केली, आणि माझ्याकडं न बघता दुसरी ओळ सुरू केली.

तीन महिन्यांत त्या शाहूपुरीतल्या सगळ्यात वेगवान ऑपरेटर झाल्या. हे मी माझी पाठ थोपटायला सांगत नाही, वेग त्यांचा होता. दुसऱ्या छापखान्यांचे मालक अण्णांकडं काहीतरी निमित्त काढून यायचे आणि त्यांचा अंगठा बघत उभे राहायचे. खंडेनवमीला छापखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. मशीनला झेंडू, कटरला झेंडू, आणि शोभाताई त्या लाल बटणाला हळदीकुंकू लावायच्या. अण्णा म्हणायचे, कुंकू आत गेलं तर मिस्त्री दोन दिवस घरी घेऊन जाईल. सगळे हसायचे, मीही हसायचो.

अजून एक बारीकशी गोष्ट त्या पहिल्या दिवसांतली. नवीन सवय लागताना त्यांचा अंगठा लाल बटणावर उगाच टकटक करायचा. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबला की कंप्युटर मध्येच एक चौकोन उघडतो आणि इंग्रजीत काहीतरी विचारतो. तुम्हीही पाहिला असेल. लहान पोरं बटणं बडवतात तेव्हा हमखास येतो. शोभाताईंनी विचारलं हे काय आहे. मी म्हटलं, काही नाही, कटकट आहे, आली की नको म्हणायचं. चौकोनातलं उजवीकडचं बटण दाबायचं, जाते. पुढं तो चौकोन मी त्यांच्या कंप्युटरवर बंदच करून टाकला. मी सगळ्याच छापखान्यांत तो बंद करायचो. नवीन पोरी आल्या की, त्यांच्या कंप्युटरवर मी तो बंद करेपर्यंत, शोभाताई त्यांनाही शिकवायच्या, चौकोन आला की नको म्हणा.

अशी नऊ वर्षं गेली. तुमच्या हातातला हा दिवाळी अंकही त्या वर्षांत त्याच अंगठ्यानं जुळवलेला असायचा. मग छापखान्यांचं जे सगळीकडं झालं ते अण्णांचंही झालं. पत्रिका मोबाईलवर जायला लागल्या. मुलाला धंद्यात रस नव्हता. अण्णांनी मशीन विकायला काढलं आणि कामगारांना आपापलं बघायला सांगितलं. शोभाताईंचे आजारी वडील त्यांच्याकडं होते, घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. एका सहकारी संस्थेत लिपिकाच्या जागा निघाल्या होत्या. वयाच्या अटीत बसायचं त्यांचं ते शेवटचं वर्ष. लेखी परीक्षेत त्या वरच्या नंबरात पास झाल्या. उरली ती फक्त टायपिंगची चाचणी, दहा मिनिटांची. त्यात पास झाल्या की कायमची नोकरी होती, आणि त्या पास होण्याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

चाचणीच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला. मी इचलकरंजीत होतो, एका यंत्रमागवाल्याच्या ऑफिसात टेबलाखाली वायरी चाचपत. भिंतीपलीकडं माग चालू होते. शोभाताई म्हणाल्या, "दादा, अपंगांचा दाखला जोडून अर्ज केलतो. सवताचा कीबोर्ड आणायला परवानगी मिळाली. हितनं काढून तिथं लावायचा, आणि काय करावं लागतं का?" आमच्याकडच्या बायका मी गेलतो, मी आलतो असंच बोलतात.

मागांच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. शब्दन् शब्द ऐकू आला होता.

खरं सांगायचं तर काय सांगायचं होतं? की बदल कीबोर्डात नाही, कंप्युटरात आहे. तुम्ही नेताय तो लक्ष्मीपुरीत कुणालाही मिळणारा साधा कीबोर्ड आहे. तिथल्या कंप्युटरवर बदल आधी जाऊन करून घ्यावा लागेल, साहेबांची परवानगी लागेल, कंप्युटर बंद करून चालू करावा लागेल. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचे ते दोन दिवस, ते नेलपॉलिश, मुद्दाम बनवलाय म्हणून सांगणं, सगळं उघडं पडणार. खंडेनवमीचं हळदीकुंकू कशाला लावलं तेही. मी टेबलाखालूनच म्हटलं, "काय न्हाय करायचं. खुपसायचा आणि चालू करायचा." मनात म्हटलं, उद्या सावकाश फोन करून सांगू. संस्थेत ओळखीचं कुणी निघालं तर आपणच जाऊन बदल करून येऊ. तो उद्या मी चार दिवस पुढं ढकलला. चौथ्या दिवशी सकाळी दुकानात बसून घड्याळाकडं बघत होतो, चाचणीची वेळ झाली, टळली, आणि मी एका गिऱ्हाईकाचा प्रिंटर उघडला.

आठवड्यानं शोभाताई दुकानात आल्या. कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरला होता. मी खुर्ची दिली, चहा सांगितला. त्यांनी टॉवेल सोडला आणि कीबोर्ड माझ्यासमोर सरकवला.

"बिघडला काय बघा जरा, दादा. येष्टीत गर्दी हुती. मी मांडीवरच धरलेला, पर धक्का बसला आसंल."

मी तो हातात घेतला. लाल रंग निम्मा उडाला होता, अंगठ्याच्या आकारात. अजूनही मला खोटं बोलता आलं असतं. हो, आतली तार तुटलीय म्हटलं असतं तर त्यांनी स्वतःला आणि एसटीला दोष दिला असता आणि विषय मिटला असता. तेवढं मात्र माझ्याच्यानं झालं नाही. मी सांगितलं की कीबोर्डाला काही झालेलं नाही, तो असलाच साधा होता, बदल छापखान्याच्या कंप्युटरात केलेला होता. चहा आला, तो तसाच राहिला.

"मग फोनवर का न्हाय सांगितलासा?"

वस्ताद डाव राखून ठेवतो, हे त्यांना काय सांगणार? त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. चाचणीत काय झालं ते त्या शांतपणे सांगत राहिल्या, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. उतारा समोर आला, घंटा झाली, त्यांनी सुरुवात केली. अंगठा लाल बटणावर गेला की वरचा मेनू उघडायचा आणि पुढचं अक्षर कुठंतरी गडप व्हायचं. त्यांनी हात वर केला. देखरेखीवरच्या साहेबांनी सांगितलं की कीबोर्ड तुमचा, जबाबदारी तुमची, वेळ वाढवून मिळणार नाही. त्यात त्यांचीही काही चूक म्हणता येत नाही. मग शोभाताईंनी नऊ वर्षांपूर्वीसारखं मधलं बोट ताणून कोपऱ्यातला शिफ्ट धरायचा प्रयत्न केला. बोट विसरलं होतं. अंगठा ऐकत नव्हता. घाबरून त्या शिफ्ट नुसताच दाबत राहिल्या, चालतो की नाही बघायला.

"त्यो चौकोनबी आला की," त्या म्हणाल्या. "दोनदा आला. तुम्ही शिकिवलासा तसं दोनदा नको म्हटलो आणि फुडं टाइप करत ऱ्हायलो. चार ओळी झाल्या निस्त्या."

मी मान खाली घालून कीबोर्डाच्या स्क्रूंकडं बघत होतो. त्यांना वाटलं असेल की मी बिघाड शोधतोय. थोड्या वेळानं त्या उठल्या. टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला आणि कीबोर्ड टेबलावरच सोडला. पायरीवरून मागं वळून एवढंच म्हणाल्या, "च्यात साखर घालत न्हाय मी, म्हणून पिलो न्हाय. राग मानू नगासा." राग त्यांना यायला हवा होता आणि समजूत त्या माझी काढत होत्या.

आता त्या त्यांच्याच गावात दूध संकलन केंद्रावर असतात. एकदा त्या बाजूला गेलो होतो तेव्हा लांबून बघितलं. लोक कॅन घेऊन रांगेत येतात, मशीन फॅट दाखवतं, शोभाताई कंप्युटरात आकडे घालतात. नुसते आकडे. त्याला शिफ्ट लागत नाही, आठच काय तीन बोटं पुरतात. ज्या हातानं या अंकातल्या कथा-कविता जुळवल्या, त्याची गरज त्या केंद्राला नाही. मी रांगेच्या मागूनच परत फिरलो.

तो कीबोर्ड अजून माझ्याकडं आहे. दुकान बंद करताना बाकी सगळं भंगारात घातलं. गेल्या दोन वर्षांत शेजारपाजारची पोरं काही विचारायला आली तर मी सगळं सांगतो, कुठं जायचं, काय दाबायचं, परत कसं करायचं, कागदावर लिहूनसुद्धा देतो. त्यांना ते आधीच माहीत असतं. आजोबांना बरं वाटावं म्हणून ऐकून घेतात आणि जातात.

आता उरलेलं एक सांगायचं आहे, ते शोभाताईंना. संपादक जुन्या ऑपरेटरला दर दिवाळीला अंकाची प्रत पाठवतात, तेव्हा हे त्यांच्या हातात पडेल. त्या दिवशी दुकानात मी त्यांना निम्मंच सांगितलं. निम्मं तेव्हाही राखून ठेवलं.

शोभाताई, तो चौकोन कटकट नव्हता. ज्यांना दोन बटणं एकदम धरता येत नाहीत त्यांच्यासाठी ती सोय असते. जगातल्या जवळजवळ प्रत्येक कंप्युटरात ती असते, तिला मिस्त्री लागत नाही, परवानगी लागत नाही, कंप्युटर बंद करून चालू करावा लागत नाही. शिफ्ट एकदा दाबून सोडायचा आणि मग अक्षर दाबायचं, एकाच बोटानं. अंगठ्याइतका वेग आला नसता, पण पास होण्याइतका आला असता. त्या चौकोनात लिहिलेलं इंग्रजी मी वाचलेलं होतं, तुम्ही अण्णांकडं आलात त्याच्या आधीपासून. अंगठ्याची युक्ती जास्त वेगवान होती म्हणून मी ती निवडली, असं म्हणालो तर ते निम्मंच खरं आहे. ही सोय तुम्हाला सांगितली असती तर तुम्हाला माझी गरज उरली नसती.

तो चौकोन तुम्हालाच विचारत होता, हवंय का म्हणून. हो म्हणायचं होतं.